भांडाराबाहेरची नजर

जिनपाल मगदूम पुढच्या क्षणाला काय करील हे सांगायला हुपरीत कुणाला ज्योतिषी लागत नसे. जैन मंदिरातून आला की चपला उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, टोपी खुंटीला. चहाचा पहिला घोट घेतला की कपाळाला आठी, मग चहा कसाही असो. कुणी उसनं मागायला दारात दिसलं की खोकला. क्षमावणीच्या दिवशी सगळा समाज एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. जिनपालला नेमकं त्याच दिवशी कोल्हापुरात काम निघायचं. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोला एकदाही चकित केलं नव्हतं. त्रिशला म्हणायची, "आमच्यात भांडणं होत नाहीत. त्यांची बाजू मला पाठ आहे, आणि माझी त्यांना ऐकायची नसते."

त्रिशलाचा हात मात्र नावाजलेला. चांदीच्या पैंजणाच्या मोहरीएवढ्या कड्या ती गॅसच्या बारीक ज्योतीवर अशा झाळायची की जोड कुठला ते घडवणाऱ्यालाही शोधावं लागे. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि कड्याही गेल्या, ज्योतही गेली. अंधाराची काही वर्षं तिनं काढली. ठेचकाळण्याचं तिला एवढं वाटायचं नाही. वाटायचं ते खोलीतल्या शांततेचं. समोर कुणी बसलंय की उठून गेलंय? ती विचारायची, "कोण आहे?" जिनपाल समोर असूनही पुष्कळदा उत्तर द्यायचा नाही. शब्द खर्चायची त्याला सवयच नव्हती. रिकाम्या खोलीत आपण एकटेच बोलत असू, या धास्तीनं ती हळूहळू बोलायचीच थांबली.

म्हणून मिरजेच्या दवाखान्यानं यंत्रनजर बसवली तेव्हा ती आधी माणसंच बघत सुटली.

यंत्र तसं समजायला अवघड नव्हतं. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा. कमरेला साबणाच्या वडीएवढी डबी. डोक्याच्या मागल्या बाजूला, जिथं मेंदू दृश्य वाचतो तिथं, केसाहून बारीक तारांची जाळी. कॅमेऱ्यानं टिपलेलं डबीतली ग्राफिक्सची चिप उलगडायची आणि जाळीतला कुठला ठिपका किती पेटवायचा ते ठरवायची. डबीत लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालत होती. आता चिप कितीही हुशार असली तरी मुकी; लिनक्सचं म्हणणं तिला आणि तिचं लिनक्सला सांगणारा दुभाषी लागतो. तो ड्रायव्हर. दुभाषी चुकीचं बोलला तर दोन्ही बाजूंना ते खरंच वाटतं.

"काकू, ड्रायव्हर आमच्या भांडारातूनच येईल," दवाखान्याची इंजिनिअर रुबीना मुजावर तिला म्हणाली होती. "भांडार म्हणजे आम्ही तपासून ठेवलेल्या मालाची कोठी, आणि पॅकेज मॅनेजर म्हणजे कोठीचा दिवाणजी. काय आलं, कुठं ठेवलं, कशाबरोबर काय लागतं, सगळं त्याला ठाऊक. जुनं काढतो, नवं बसवतो, मेळ बघतो. उशिरा देतो, पण बघून देतो. बाहेरून काही चढवू नका."

दिवाणजीनं दिलेली नजर प्रामाणिक होती आणि अडखळती. कुणी फोटोंचा गठ्ठा घाईघाईनं डोळ्यांसमोर पालटावा तसं जग दिसायचं. माणूस दारात, मग एकदम खोलीच्या मध्यावर. चिमटा कडीपाशी, मग कडीच्या पलीकडं. असल्या नजरेनं स्वयंपाक झाला, झाळकाम होईना.

"ही काय नजर झाली?" जिनपाल म्हणाला. तो हेच म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

उपाय घेऊन आला धाकटा दीर, भरतेश. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि यंत्राबरोबर आलेली सूचना वाचणं म्हणजे आपल्या अकलेचा अपमान, असं त्याचं मत होतं. दुकान चालायचं, कारण गिऱ्हाइकांचंही तेच मत होतं.

"वहिनी, दवाखानावाले गोगलगाईला बी पुढं जाऊ देतील," तो लॅपटॉप उघडत म्हणाला. "कंपनीनं नवा ड्रायव्हर कवाच काढलाय. त्यांच्या साइटवर आख्खा इन्स्टॉलर हाय, एकच फाइल. चालवली की झालं. भांडार नको, दिवाणजी नको."

"पण मुजावर मॅडम नको म्हणाल्यात."

"मॅडमना नोकरी सांभाळायची हाय. तुम्हाला कड्या झाळायच्यात."

त्रिशलानं नवऱ्याकडं पाहिलं. जिनपाल तिच्या कामाच्या पाटासमोरच्या आपल्या ठरलेल्या जागी, उजवा हात गुडघ्यावर ठेवून, सुपारी चघळत बसला होता.

"घाल म्हणतो मी," तो म्हणाला. "काय हुतंय?"

फाइल चालू झाली. मध्येच ती थांबली आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं: या यंत्रात भांडारातून आलेला ड्रायव्हर आधीच आहे. तो पॅकेज मॅनेजरकडून काढून घ्या, मगच पुढे जा.

"काय म्हणतंय ते?" त्रिशलानं विचारलं.

"काय न्हाई. सगळ्या फायली अशाच भिववत्यात," भरतेश म्हणाला, आणि 'पुढे' दाबलं.

असा इन्स्टॉलर म्हणजे मुक्कामाला आलेला जावई. आपली ट्रंक हवी तिथं ठेवतो, कपाटातलं सामान बाजूला सारून आपलं लावतो, आणि काय कुठं ठेवलं ते दिवाणजीला सांगायला त्याला कमीपणा वाटतो. दिवाणजीच्या लेखी घरात सगळं जागच्या जागी असतं.

पण नजर! त्रिशलानं मान वळवली आणि खोली तिच्याबरोबर पाण्यासारखी वळली. जिनपालचा हात गुडघ्यावरून उठला, तोंडापाशी गेला, परत आला, आणि तो सगळा प्रवास तिला दिसला. ती रडायला लागली. जिनपाल खोकला.

नव्या ड्रायव्हरची करामत अशी, की कॅमेऱ्याकडून येणाऱ्या दोन खऱ्या चौकटींच्या मधली चित्रं चिप स्वतः रचून भरायची. हात इथं होता, आता तिथं आहे, म्हणजे मधे असा गेला असणार. त्यासाठी घरातल्या माणसांच्या लकबी ती शिकून घ्यायची. जितका माणूस ठरावीक तितकी भरती बेमालूम. जिनपाल तर चिपला आंदणच मिळाला होता.

त्रिशला पुन्हा पाटावर बसली. तिच्या कड्या पुन्हा गावभर मिरवायला लागल्या. एक जुनी रीत तेवढी सुटली. ज्योत पेटवण्याआधी ती पूर्वी मऊ फडक्यानं पाटावरून आणि आजूबाजूनं हात फिरवायची, एखादी मुंगी, एखादं चिलट जळू नये म्हणून. सासूनं घालून दिलेली जीवदयेची शिस्त ती अंधाराआधी डोळे धड असतानाही पाळायची. आता फडकं खुंटीवरच राहिलं. एवढं लख्ख दिसतंय, मग चाचपायचं कशाला?

मग एका सकाळी डबी चार्जिंगवरून काढून तिनं कमरेला लावली, आणि काहीतरी फिरलं.

आधी भिंतीवरचं घड्याळ. त्याचा सेकंदकाटा टिकटिक करत उड्या मारायचा. आता तो तेल लावल्यासारखा घसरत चालला होता. आवाज मात्र टिकटिकच. ती बघत राहिली, तसा काटा गपकन मागं आला आणि पुन्हा घसरायला लागला. नंतर दूध. गॅसवरचं दूध शांत दिसत होतं आणि नाकाला मात्र करपल्याचा वास येत होता. डोळ्याचं पातं लवलं न लवलं तोच ओट्यावर सगळं सांडलेलं. दुपारी जिनपाल पांढऱ्या सदऱ्यात बोलत होता, आणि बोलता बोलता सदरा निळा झाला.

शेजारची राजमती आली आणि हसत हसत बसली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. ती सासऱ्याच्या आजारपणाचं सांगत होती.

त्रिशलानं कुणाला काही सांगितलं नाही. इथं तिच्या शहाणपणाचा हिशेब मांडायचा तर असा: सांगितलं की भरतेश डबी उघडणार, उघडली की बंद करणार, आणि बंद केली की तो अंधार. परत उजेड येईलच असं कुणी सांगावं? थोडं चुकीचं दिसलं तर दिसलं. न दिसण्यापेक्षा बरं. भित्र्या माणसाला तोट्याचा सौदा असाच फायद्याचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाटावर बसली. समोर जिनपाल ठरल्या जागी, हात गुडघ्यावर, जबडा सुपारीवर. पाटाच्या डाव्या बाजूची फरशी मोकळी. तिनं ज्योत पेटवली, एक कडी झाळली, आणि हात मोकळा करायला ज्योतीच्या नळीचं तोंड सवयीनं त्या मोकळ्या बाजूला वळवलं.

किंकाळी फुटली. तिच्या गुडघ्यापाशी, खालून.

"मेलो! अगं, हात! हात जाळलास माझा!"

आवाज जिनपालचा होता. आणि जिनपाल समोर बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. तो संथपणे सुपारी चघळत तिच्याकडं बघत होता.

ज्योतीची नळी तिच्या हातातून गळाली. कशीबशी चाचपत तिनं गॅसची चावी बंद केली. करपलेल्या कातडीचा वास आला.

"अहो," ती समोरच्या जिनपालकडं बघत म्हणाली. "तुम्ही कुठं आहात?"

"अगं इथं! खाली! कडी पडली हुती तुझी, ती उचलाय वाकलो!"

आयुष्यात कधी तिच्या कामाला हात न लावलेला माणूस त्या दिवशी पडलेली कडी उचलायला वाकला होता. चिपला तो शिकवलेलाच नव्हता. समोरच्या जिनपालनं गुडघ्यावरचा हात उचलून तोंडापाशी नेला, अगदी नेहमीसारखा, आणि परत ठेवला. त्याच वेळी खालून कण्हणं येत होतं. त्रिशलानं हात पुढं केला. तो समोरच्या माणसाच्या छातीतून आरपार गेला. मग हात खाली नेला तर तिथं नवऱ्याचं डोकं लागलं, घामानं भिजलेलं, थरथरणारं, आणि तिथं तिला मोकळी फरशी दिसत होती.

ती भिंतीला पाठ लावून बसली आणि ओरडली, "भरतेशला बोलवा! आधी त्याला बोलवा!"

तासाभरात जिनपालच्या हाताला डॉक्टरची पट्टी बांधून झाली होती, भरतेश लॅपटॉप घेऊन बसला होता आणि फोनवर रुबीना मुजावर होती. तिनं भरतेशला काही रागाचं बोलायचं टाळलं. तेवढा वेळ नव्हता.

"ड्रायव्हरचे दोन भाग असतात," ती म्हणाली. "एक लिनक्सच्या गाभ्यात बसतो, एक वर राहून त्याच्याशी बोलतो. दोघे एकाच आवृत्तीचे लागतात. परवा रात्री आमच्या भांडारातून अपडेट आलं. पॅकेज मॅनेजरला वाटलं, आपलाच ड्रायव्हर आहे, म्हणून त्यानं वरचा भाग आपल्याकडचा नवा बसवला. गाभ्यातला मात्र इन्स्टॉलरचा राहिला. दोघांची भाषा जुळेना. कॅमेऱ्याची चौकट पोचायची ती अधूनमधून."

"मग डबी बंद का पडली नाही?" भरतेशनं विचारलं. त्याचा आवाज चांगलाच उतरला होता.

"दुसरा कुठलाही ड्रायव्हर बंद पडला असता. काळा पडदा आला असता आणि काकूंना कळलं असतं. पण पेशंट अंधारात पडू नये म्हणून कंपनीनं त्यात सोय केलीय. कॅमेऱ्याकडून चित्र आलं नाही तर आधीच्या चित्रावरून पुढचं रचत राहायचं. रचलेल्यावरून परत रचायचं. हे आम्हाला पसंत नव्हतं. म्हणून तो ड्रायव्हर आम्ही भांडारात घेतला नाही."

त्रिशलानं विचारलं, "म्हणजे कालपासून मला दिसतच नव्हतं?"

"मधूनमधून दिसत होतं, काकू. बाकीचं डबी सांगत होती."

"आणि मला कळलं नाही?"

"कळू नये असंच ते बनवलंय."

त्रिशलासमोर जिनपाल अजून ठरल्या जागी बसला होता, दोन्ही हात धडधाकट. खरा जिनपाल कुठं होता कोण जाणे. राजमती खरंच किती वेळ बसली होती? उठून गेल्यावरही आपण तिच्याशी बोलत होतो का? जुन्या अंधारात निदान 'कोण आहे' असं विचारावंसं तरी वाटायचं.

"काढून टाकलं तर परत दिसेल ना?"

रुबीना म्हणाली, "त्या इन्स्टॉलरनं काय कुठं टाकलंय ते त्यालाच माहीत. त्याच्याच हातून त्याला काढायचं, मग राहिलेलं आपण साफ करायचं आणि भांडारातून नव्यानं बसवायचं. होईल असं वाटतं."

"वाटतं?"

"खोटं बोलू का, काकू?"

"नको, पोरी. खोटं भरपूर बघून झालं." तिनं चष्म्याच्या दांड्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. "काढ रे भरतेश. आणि या वेळी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाच."

भरतेश वाचायला लागला. शाळेत वाचलं नसेल इतक्या निगुतीनं. समोरचा जिनपाल तोंडाकडं हात नेत असतानाच मधे थांबला, विरला, आणि अंधार पडला.

तो तिच्या ओळखीचाच होता. भरतेशचा आवाज येत होता, मॅडम "हां, पुढं" म्हणत होत्या, लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. मग भरतेश थांबला. काहीतरी उतरत असावं. सगळं शांत झालं.

"कोण आहे?" तिनं विचारलं. जुन्या सवयीनं उत्तराची वाट न बघता.

"मी हाय," जिनपाल म्हणाला. थोड्या वेळानं, न विचारताच, पुन्हा म्हणाला, "हाय मी."

भरतेशनं वाचलं, "ड्रायव्हरचे दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे, मेळ बसला. यंत्र पुन्हा सुरू करा." एक बटण दाबल्याचा आवाज. मग काहीच नाही. त्रिशला मनातल्या मनात णमोकार म्हणत होती आणि शब्द मागंपुढं होत होते.

ठिपके आले. राखाडी, भरड, अडखळते. खिडकी. उडी. भरतेशचं डोकं. उडी. आणि समोर ठरल्या जागी जिनपाल, उजवा हात गुडघ्यावर, पट्टीचा डावा पाठीआड, कपाळाला आठी.

"दिसतंय का, वहिनी?"

दिसत होतं. पण डबीनं रचला असता तर हाच जिनपाल रचला असता.

"हे खरं कशावरून?"

"काकू, आमच्या ड्रायव्हरला चित्रं रचताच येत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"ते तुम्हाला ठाऊक. मला नुसतं दिसतंय." ती नवऱ्याकडं वळली. "अहो, तुम्ही आजवर कधीच केलं नाही असं काहीतरी करा."

"म्हंजे काय करू?"

"मला सांगता आलं असतं तर डबीलाही आलं असतं."

जिनपालनं टोपी सारखी केली. ती मान हलवून म्हणाली, "हे नाही." तो खोकला. "हे तर नाहीच."

"नाच की, अण्णा," भरतेश म्हणाला. कुणी हसलं नाही.

जिनपाल बसून राहिला. त्याचा हात तोंडाकडं निघाला आणि त्याचं त्यालाच उमगून अर्ध्यावर थांबला. भर दुपारी, आपल्याच घरात, बायकोला आपण जिवंत आहोत हे पटवायचं होतं आणि त्यासाठी गाठीशी नवीन असं काही सापडत नव्हतं. त्याच्या भरड, ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेली. तिथं दुसरंच काहीतरी आलं. त्रिशलानं ते त्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला तिला वेळ लागला. तो घाबरला होता.

मग तो उभा राहिला. एका चौकटीत त्याचे हात कमरेशी होते. उडी. खांद्यांशी. उडी. एक साधा आणि एक पट्टी बांधलेला, दोन्ही हात कानांवर. पट्टीच्या हातानं कानाची पाळी नीट धरता येत नव्हती. ती निसटत होती आणि तो पुन्हा धरत होता.

"चुकलो," तो म्हणाला. "त्याला घाल म्हणालो मी. तुला न विचारता."

त्याचे ओठ हलले ते तिला दिसलं. आवाजही तिथूनच आला.

फोनवर मॅडम विचारत होत्या, "काकू? काकू, काय दिसतंय?" भरतेश तोंड उघडं टाकून भावाकडं बघत होता. त्रिशलानं हात लांब करून खुंटीवरचं मऊ फडकं काढलं, त्यानं डोळे पुसले, आणि ते पाटावर, विझलेल्या ज्योतीच्या नळीशेजारी ठेवलं.

"हात कानाला लागले तेवढं दिसलं," ती नवऱ्याला म्हणाली. "खांद्यापासून वर कसे नेलेत ते मधल्या उडीत गेलं. परत करून दाखवा."